या काठीपासून त्या काठीपर्यंत

"ओ बाबा! ओ टोपीवाले बाबा! बिया थुकू नका तिथी! लॉन हाये ते, लॉन!"

बागेचा राखणदार फाटकापासून शिट्टी फुंकत माझ्याकडे पळत येत होता. त्या शिट्टीनं खडकपूर्णेच्या पलीकडच्या काठावर बसलेल्या साऱ्या म्हशी उठून उभ्या राहिल्या आणि त्यातली एक घाबरून थेट दुसरबीडच्या बाजारात जाऊन थांबली. दुसरबीडचं माझ्या पदरचं आहे. म्हशी उठल्या, एवढं खरं.

माझ्या हातात टरबुजाची फोड होती आणि तोंडात सात-आठ बिया. त्या गिळून मी म्हणालो, "अबे, बी मातीत नाई थुकाव तर कोठी थुकाव? खिशात?"

"डबे ठेवले ना, बाबा. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा."

"मंग टरबुजाची बी ओली का सुकी?"

तो विचारात पडला. चांगला मुलगा आहे, पण प्रश्न अवघड होता. मी उरलेली फोड हिरव्या डब्यात टाकली. तशीही तिला चव नव्हती. ट्रकनं आलेलं टरबूज, सालीवर चिकटवलेली चिठ्ठी, आत नुसतं गोड पाणी. आणि मी बसलो होतो तो बाक, त्याच्या पुढच्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या पुढची ती आखीव कड, ही सगळी जागा एके काळी टरबुजांची होती.

चैत्र लागला की मला हे असं होतं. इतरांना मोहराचा वास येतो, कोणाला कैरीची आठवण येते. माझ्या नाकात ओल्या वाळूचा वास भरतो. वरून तापलेली आणि बोटभर उकरली की गार लागणारी वाळू. त्यात शेणखताचा उबारा, त्यात वेलाच्या पानाचा कडवट वास, आणि या सगळ्यात कुठंतरी, अजून न फोडलेल्या फळाचा अंदाज. आमच्या गावाखाली नदी वळते तिथं वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडायचा. त्यावर सुमनबाईची वाडी असायची. तिच्या आधी तिच्या सासूची.

वाडी म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. दसरा झाला, पाणी उतरलं, की वाळूत चर खणायचे. चरात खत भरायचं, बी लावायचं. भोवती तुऱ्हाट्यांचं, तुरीच्या वाळल्या काड्यांचं, कुंपण. प्यायला आणि वेलांना पाणी वाळूतच उकरलेल्या झिऱ्यातून, घागरीनं. होळीच्या सुमाराला फळ धरतं ते वैशाखापर्यंत चालतं. मग पावसाळा येतो, नदी येते, आणि कुंपण, चर, वेल, झिरा, सगळं पुसून घेऊन जाते. पाटी कोरी. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून.

सुमनबाई फळाला टिचकी मारून आतलं सांगायची. कच्चं फळ टिंग करतं, पिकलेलं डब करतं. तिचे कान असे की मी गावात कुणाच्या डोक्यात टपली मारली तरी ती वाडीतून ओरडायची, "कच्चंच हाये, भाऊ, ठेवा अजून!" यातलं तुम्ही निम्मं धरा. पण तिनं डब म्हटलेलं फळ कधी फिकं निघालं नाही, हे पूर्ण धरा.

आता काठीचं सांगतो. हे आमच्याच वळणावरचं आहे, दुसरीकडे मी पाहिलं नाही.

वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. मग वाडी कुणाची, हे ठरायचं कसं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीवाल्यांनी पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक काठी रोवायची, खालच्या टोकाला एक. दोन्ही काठ्यांना चिंधी बांधायची. आणि घराबाहेरच्या एका माणसानं मधोमध उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "या काठीपासून त्या काठीपर्यंत सुमनबाईची वाडी." तीन वेळा. एवढंच. याला आमच्याकडं काठीले बोल देणं म्हणतात. बोल दिला की त्या वर्षापुरता कोणी त्या वाळूत पाय घालत नसे. रेतीच्या गाड्यासुद्धा वळसा घालून जायच्या.

सुमनबाईच्या सासूच्या काठीला माझे वडील बोल द्यायचे. वडील गेल्यावर मी. वर्षभर माझ्या तोंडून एक वाक्य सरळ निघत नसे. मी चिखलीला गेलो तर मुंबई सांगायचो, विंचू दिसला तर नाग सांगायचो. पण त्या एका सकाळी वाळूत उभा राहिलो की माझ्या तोंडून तेवढेच शब्द निघायचे, ना एक जास्त, ना एक कमी. का, ते मला माहीत नाही. वडिलांच्या आवाजातच निघायचे ते.

"जयभीम, किसनभाऊ. झाला बोल," सुमनबाई म्हणायची.

"जयभीम, सुमनबाई. पहिलं फळ माझं."

"तुमचं नाई तर कोणाचं? पण खाऊन झाल्यावर त्याच्यात हत्ती सापडला म्हणून सांगत फिरू नका."

मग आराखडेवाल्या मॅडम आल्या.

त्या बुलढाण्याच्याच, पण बाहेर शिकून आलेल्या. बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, फक्त संतापल्या की -ले लागायचं. महामार्ग गावाजवळून गेला होता. आज ना उद्या जमिनी तुकड्यातुकड्यानं विकल्या जाणार, त्यापेक्षा साऱ्यांनी एकत्र येऊन आपणच नीट वसाहत आखू, असं गावातल्या शहाण्या लोकांनी ठरवलं होतं. मी शहाण्यांत नव्हतो, पण माझी साडेतीन एकर जमीन मधोमध होती, म्हणून मलाही शहाणा धरलं.

शाळेच्या व्हरांड्यात मॅडमनी नकाशा पसरला. एवढा मोठा, की त्याच्या एका टोकाला सकाळ होती आणि दुसऱ्या टोकाला दुपार. पिवळी घरं, निळी दुकानं, हिरवी बाग नदीच्या कडेनं. प्रत्येक घरापासून शाळा, दवाखाना, बाजार पायी दहा मिनिटांत. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला. एकही जुनं झाड तोडायचं नाही. प्रत्येक लिंबाला नंबर.

"याला मिश्र वापर म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "खाली दुकान, वर राहतं घर, शेजारी काम करायची जागा."

"मॅडम," मी म्हणालो, "आमच्या पाराच्या ओट्यावर एकाच वेळी दाढी होते, सोयरीक जुळते, तूर सुकते आन् कुत्रं बाळंत होते. त्याच्यापेक्षा मिश्र काय करसान तुम्ही?"

व्हरांडा हसला. मॅडमही हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. मला तेवढं पुरे झालं. त्या दिवसापासून मी त्यांचा वाटाड्या झालो. कोणत्या ओढ्याला पाणी कधी येतं, कुठल्या बांधावर साप आहेत, सगळं मी सांगायचो, आणि त्या सांगण्यात तो ओढा अमेझॉन व्हायचा. मॅडम म्हणायच्या, "काका, यातलं खरं किती?" मी म्हणायचो, "शोधा. तुमचं काम आहे ते."

एका दुपारी त्या वाडीत आल्या. सुमनबाईनं फळ फोडलं. तो आवाज मला अजून येतो. सुरी नुसती टेकवायची, आणि पुढं फळ आपलं आपणच तडकत जायचं, कळलेल्या गोष्टीसारखं. लाल, दाणेदार, उन्हात गार. मॅडमनी कोपरापर्यंत रस ओघळू दिला.

"मॅडम, ते नकाशावर शाश्वत लिहेल हाये," सुमनबाईनं विचारलं. "त्याचा अर्थ काय होते?"

"म्हणजे जमिनीकडून, नदीकडून जेवढं घेतलं तेवढं परत देता यावं. पुढच्यांनाही पुरावं."

सुमनबाईनं वाळूकडं पाहिलं. "मंग वाडीच झाली की ते. दसऱ्याले घेतो, पावसाळ्यात नदीले वापस."

मॅडमनी वही काढली, ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. माझ्या त्या पारावरच्या कुत्र्याला त्यांनी एकही रेघ ओढली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला जरा लागलं.

अडचण अशी होती की नकाशासाठी मोजणी झाली ती भादव्यात. तेव्हा वाळू पाण्याखाली. मोजणीवाल्यांनी त्या पट्ट्यावर लिहिलं, वापर नाही. बागेत तिथं पायऱ्या आणि बाक धरले गेले. मॅडमनी वाडी पाहिल्यावर त्यांच्या वरिष्ठांशी भांडून एक वाट काढली. जुनी वहिवाट सिद्ध झाली तर तो पट्टा बागेतच हंगामी वाडी म्हणून मोकळा ठेवता येईल. पायऱ्या वरच्या अंगाला सरकवता येतील. कागद नसला तरी चालेल. गावातल्या एका जाणत्या माणसाचं निवेदन लागेल, आणि तो माणूस वाडीवाल्यांच्या घरचा नको. हरकतींची सुनावणी चैत्रात होती.

घराबाहेरचा जाणता माणूस एकच होता. काठीला बोल देणारा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सुमनबाई घरी आली. उंबऱ्याशी टेकली, पाणी घेतलं, आणि म्हणाली, "भाऊ, जास्त काई नाई. दसऱ्याले जे म्हणता तेच म्हणा. आन् किती सालापासून म्हणता ते सांगा. बस."

"अवं, तू काळजीच नको करू. असं सांगतो की साहेब खुर्चीतून पडला पाहिजे."

"पाडू नका त्याले," ती म्हणाली. "त्याले लिहू द्या."

हे ती सरळ बोलली होती. माझ्या लक्षात आलं नाही. खरं तर लक्षात आलं होतं, पण तिथं थांबलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. सारा गाव, शेजारची दोन गावं, समोर टेबल, टेबलामागं साहेब, त्यांच्या बाजूला लिहून घेणारा. आणि टेबलाच्या अलीकडे, एका दांड्यावर, माईक.

मला ज्यांनी बिघडवलं त्यांत पहिला नंबर माईकचा. आधी दोन-चार जण बोलून गेले. माझ्या बांधावरून रस्ता नको, माझ्या विहिरीला वळसा द्या. लोक पेंगत होते. मग माझं नाव पुकारलं आणि मांडव जागा झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "आलं रे आलं! किसनभाऊ आले! पोटं धरा!" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी पाय सोडून बैठक बदलली. बायकांनी पदर तोंडाशी नेले. सुमनबाई मागं खांबाला धरून उभी होती. तिनंही नेला. ती हसायच्या तयारीत होती की धास्तीत, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

"बोला," साहेब म्हणाले. "नदीकाठच्या वाडीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

या काठीपासून त्या काठीपर्यंत. वाक्य जिभेवर होतं. शपथेवर सांगतो, होतं. पण एवढ्या मोठ्या मांडवात, एवढ्या चांगल्या माईकवर, ते मला अगदी उघडं वाटलं. जेवणावळीत नुसता कोरडा भात वाढावा तसं. वाटलं, आधी थोडी फोडणी देऊ, मग वाढू.

"साहेब," मी म्हणालो, "वाडी किती जुनी ते सांगतो. माझ्या बापाच्या काळात या वाडीत एक टरबूज धरलं. ते असं वाढलं, असं वाढलं, की दोन गावांनी त्याच्या सावलीत तिसरं गाव वसवलं. त्या वर्षी पलीकडच्या गावाले लग्न. नदीले अवकाळी पाणी, नाव नाही. मंग आम्ही ते टरबूज अर्धं कापलं, आतलं कोरलं, आन् सारं वऱ्हाड त्याच्यात बसवून सोडलं पाण्यात. बँडबाजासकट!"

मांडव फुटला.

"पण वऱ्हाड ते वऱ्हाड, साहेब. मध्यात गेल्यावर नवरदेवाच्या मामाले भूक लागली. त्यानं बसल्या जागी बूड खाल्लं. त्याचं पाहून आत्यानं खाल्लं. पार निघेपर्यंत वऱ्हाडानं नावच खाऊन टाकली! नवरदेव उरलेल्या देठाले धरून पोहत बोहल्यावर चढला."

साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले. लिहून घेणाऱ्यानं लेखणी खाली ठेवली, कारण त्याचा हात हलत होता. हसून हसून एका म्हाताऱ्याची कवळी उडून पुढच्या रांगेत पडली. यातलं एक अक्षरही वाढवलेलं नाही, कवळी मी स्वतः उचलून दिली.

"बरं, बरं," साहेब सावरत म्हणाले, "पण आता नेमकं सांगा. वहिवाट किती वर्षांची आहे?"

मॅडम टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहून मान खाली-वर केली. आता, काका. आता सांगा.

आणि मागून कोणीतरी ओरडलं, "किसनभाऊ, अजून एक होऊ द्या!"

"नेमकं म्हणता?" मी म्हणालो. "सीतामाई वनवासात इकून गेली ना, तिनं भाव केला होता, साहेब, सुमनबाईच्या सासूसंगं!"

पुन्हा मांडव कोसळला. साहेबांनी हात जोडले. "बसा, बाबा, बसा. आज फार दिवसांनी हसलो." आणि पुढचं नाव पुकारलं. कुणाच्या तरी विहिरीचं.

मी खाली बसलो तेव्हा लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. तो आनंद मी लपवणार नाही. कुणीतरी चहा आणून दिला. कुणी म्हणालं, मामानं बूड खाल्लं ते परत सांगा. मी परत सांगितलं. तिसऱ्या खेपेला बँडवाल्यांनी क्लॅरनेटसुद्धा खाल्लं. मधेच मी मागं पाहिलं तर खांबाशी कोणी नव्हतं. वाटलं, वेलांना पाणी द्यायची वेळ झाली असेल.

आठवड्यानं मॅडम आल्या. गाडीतून उतरल्या त्या थेट माझ्या ओट्यावर. हातात सुनावणीची प्रत. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, निवेदन मनोरंजनपर, वहिवाटीबाबत माहिती नाही.

"एक वाक्य!" त्या म्हणाल्या. "काका, मी तुम्हाले एकच वाक्य मागतलं होतं! एक! ते बी तुम्हाले पाठ होतं!"

-ले लागलं होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली.

तिसऱ्या दिवशी मी बुलढाण्याला निघालो, नवं निवेदन द्यायला. एस्टीत बसून लिहायला घेतलं. चिखली येईपर्यंत मी सहा पानं लिहिली, आणि चिखली ते बुलढाणा त्यातली साडेपाच खोडली. शेवटी अर्धं पान राहिलं. कचेरीतल्या माणसानं ते वाचलं, उलटून पाहिलं, मागं काही नाही याची खात्री केली आणि म्हणाला, "मुदत सोमवारी संपली." तरी माणूस भला. त्यानं माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून दिला.

त्या वर्षीचा हंगाम सुमनबाईनं पुरा केला. फळ उत्तम आलं होतं. मला पहिलं फळ आलं नाही, शेवटचंही नाही. पुढच्या दसऱ्याला पट्ट्यावर दगडांच्या गाड्या उतरत होत्या. मी सकाळी सवयीनं नदीवर गेलो. काठ्या नव्हत्या. बोल द्यायचा तरी कशाला?

आता वसाहत पाहायला लांबून लोक येतात, आणि त्यांनी यावं अशीच ती झाली आहे. मी तिला नावं ठेवू शकत नाही. ठेवली तर ते खोटं होईल, आणि त्या जातीचं खोटं मला जमत नाही. रस्त्यांना सावली आहे. म्हातारी माणसं पायी दवाखान्यात जातात. कर्दळीचा वाफा असा फुलतो की न्हाणीचं पाणी आहे हे सांगून पटत नाही. माझंही खाली दुकान आहे, वर मकान. खिडकी बागेकडं उघडते. एखादं चांगलं काम चुकलं की माणूस त्या कामाला शिव्या देऊन मोकळा होतो. माझी ती सोय नाही. काम चांगलंच झालं. त्यात एक हातभर जागा मोकळी राहायची होती, आणि ती राहिली नाही ती माझ्या तोंडामुळं.

कधी वाटतं, गोष्टीनं कुणाचं काय बिघडतं? माणसं हसतात, ऊन विसरतात. मग आठवतं, की जगात काही जागा अशा असतात ज्या फक्त एका साध्या वाक्यावर उभ्या असतात. त्यांना ना कागद, ना भिंत. वर्षातून एकदा कोणीतरी ते वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, एवढंच त्यांना लागतं. माझ्या वडिलांना हे कळत होतं. ते कमी बोलणारे होते. मी समजत होतो, त्यांना बोलता येत नाही.

परवा दुपारी मी पेटीतून ते अर्धं पान काढलं. शिक्का फिका झालाय. सुमनबाई आता वसाहतीच्या खताच्या शेडमध्ये काम करते. पालापाचोळा, हिरव्या डब्यांतला ओला कचरा, सगळं कुजवून चाळते. मी गेलो तेव्हा ती चाळणीवर वाकलेली होती. इतकी वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो की ऊन-पाण्याचं बोलायचो. त्या मांडवाचं कधी नाही.

"जयभीम, सुमनबाई. एक कागद वाचून दाखवायचा होता."

"वाचा."

मी वाचलं. "मी, किसन, या गावचा राहणार. खडकपूर्णेच्या वळणावरच्या वाळूत, वरच्या काठीपासून खालच्या काठीपर्यंत, सुमनबाईची वाडी आहे. तिच्या आधी तिच्या सासूची होती. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आधी माझ्या वडिलांनी आणि नंतर मी तिथं उभं राहून तसा बोल दिला आहे. आमच्या डोळ्यांदेखत त्या वाळूत दुसऱ्या कोणी पीक घेतलं नाही. हे खरं आहे."

तिनं चाळणी खाली ठेवली. हातावरचं खत झटकलं.

"लय चांगलं लिहेल हाये," ती म्हणाली. "मंग तव्हा काऊन नाई सांगतलं असं?"

मी तोंड उघडलं. माईक खराब होता, उन्हानं भोवळ आली होती, साहेब आधीच फितूर होता. एकापेक्षा एक सरस अशा दहा गोष्टी तयार होत्या.

"लोक हसून राह्यले होते," मी म्हणालो.